चुकीसाठी राखलेली वाट

न्हाणीघरातल्या टबाला पाणी जायच्या दोन वाटा असतात. एक तळाशी, रोजच्या वापराची. अंघोळ झाली, बूच काढलं, पाणी गेलं. दुसरी वर, काठाच्या थोडी खाली, बहुधा नळाच्याच बाजूला. तिच्यावर एक गोल चकती असते, एक किंवा दोन स्क्रूंनी आवळलेली, आणि चकतीच्या खालच्या कडेला पाणी शिरण्यापुरती फट. हा ओव्हरफ्लो. नळ सोडून कोणी फोनवर बोलत बसलं, की त्या दिवशी त्याचं काम. एरवी वर्षानुवर्षं त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. वॉश बेसिनच्या काठाखालचं भोक, फ्लशच्या टाकीतली उभी नळी, गच्चीवरच्या टाकीतून बाहेर डोकावणारा पाइप ही त्याचीच भावंडं, त्यामुळे टब नसलेल्या घरांनाही ही गोष्ट परकी नाही. घरातल्या बाकीच्या वस्तू माणूस काहीतरी नीट करत असताना उपयोगी पडतात. ही वस्तू मात्र माणूस चुकला तरच उपयोगी पडते, आणि ती बसवणाऱ्याने तो चुकणार हे धरूनच बसवलेली असते. इथेच धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो. चूक होणार असं गृहीत धरून तिच्यासाठी आधीच वाट राखून ठेवणं धर्माला धरून आहे, की ती धर्मातलीच पळवाट आहे? माझ्या मते अशी वाट हा नियमाचाच एक भाग आहे. मात्र ती राखण्याचं पुण्य एकदा बसवून मिळत नाही. न वापरलेली वाट आतून सडते, म्हणून काही चुकलेलं नसतानाच ती दुरुस्त करत राहावं लागतं. प्रायश्चित्तावरच्या वादांत पापाचा आणि क्षमेचा भरपूर काथ्याकूट झाला आहे. या दुरुस्तीकडे त्या मानाने लक्ष कमी गेलं.

दुरुस्ती म्हणजे काय, ते आधी जवळून पाहिलं पाहिजे. चकतीच्या मागे, टबाच्या पाठीला टेकून, पाइपाचा एक कोपर असतो. तो टबाला चिकटवलेला नसतो. चकतीचा स्क्रू त्याला मागून ओढून धरतो, आणि कोपर व टब यांच्यामध्ये रबराचं किंवा फोमचं जाड वॉशर दाबलं जातं. पाइप तिथून खाली उतरतो आणि तळाच्या वाटेला मिळतो. दोन्ही वाटांचं पाणी पुढे एकाच ट्रॅपमधून जातं. खराब होतं ते बहुधा हे वॉशर. रबर वाळतं, आकसतं, त्याला चिरा पडतात. चकती चकचकीत, स्क्रू घट्ट, आणि मागे वॉशरचा भुगा. मग ओव्हरफ्लोत शिरलेलं पाणी पाइपात न जाता टबाच्या पाठीमागून लादीवर आणि तिथून खालच्या छतात उतरतं. काम अवघड नाही. स्क्रू काढताना तो पाइपात पडू द्यायचा नाही. चकतीला बूच वरखाली करणारा खटका जोडलेला असेल तर त्याची दांडी अलगद बाहेर ओढून घ्यायची. कोपर बोटाने थोडा मागे सारून जुनं वॉशर पकडीने तुकड्यातुकड्याने काढायचं. टबाच्या पाठीवरचं साबणाचं किटण खरवडून जागा कोरडी करायची. आणि नवं वॉशर त्याच भोकातून आत सरकवायचं. अनेक वॉशरं एका बाजूला जाड असतात, कारण टबाची भिंत तिरकी आणि पाइप उभा. जाड बाजू खाली येते. मग चकतीची फट खाली ठेवून स्क्रू आवळायचा, वॉशर दबेल इतकाच. पुष्कळ जण हे सगळं टाळून चकतीभोवती बाहेरून सिलिकॉन फासतात. बाहेरून काम झाल्यासारखं दिसतं आणि आतली वाट फुटकी ती फुटकीच राहते. प्रायश्चित्ताच्या नावाखाली चालणाऱ्या बऱ्याच गोष्टींची जात हीच आहे, पण ते पुढे.

या गळतीची एक गोष्ट नीतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नळ सोडून जाणारा वरच्या मजल्यावर असतो आणि छताचे पोपडे पडतात ते खालच्याच्या घरात. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत वर्षभर जी भांडणं चालतात त्यांत वरून खाली येणाऱ्या ओलीचं भांडण हटकून असतं, आणि वरचा माणूस प्रामाणिकपणे म्हणत असतो, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.’ खरंच कोरडं असतं. तेव्हा ओव्हरफ्लो ही चुकणाऱ्यासाठी केलेली सोय आहे, हा समज अर्धाच खरा आहे. चुकणाऱ्याला ती फारशी वाचवत नाही. त्याचं पाणी वाया जातं ते जातंच. ती मुख्यतः त्याच्या चुकीत ज्याचा काही हात नाही अशा माणसासाठी आहे. चुकीसाठी वाट ठेवणं म्हणजे स्वतःचे लाड, असं म्हणणारे कर्मठ लोक हा खालचा मजला हिशेबातच धरत नाहीत. मी कधीच चुकणार नाही, म्हणून मला ती वाट नको, या वाक्यात करारीपणा दिसतो. पण त्या करारीपणाची हमी दुसऱ्याच्या छतावर दिलेली असते.

नियमाला अशी वाट असावी, आणि तिची पातळी कुठे असावी, याचं सर्वांत नेमकं उदाहरण छांदोग्य उपनिषदात आहे. कुरुदेशात पीक बुडालं होतं. उषस्ती चाक्रायण नावाचा विद्वान उपाशीपोटी फिरत एका हत्तीवाल्याच्या गावी पोचला. हत्तीवाला कुळीथ खात होता. उषस्तीने मागितले, तर त्याने सांगितलं की माझ्या पानात आहेत त्याखेरीज दुसरे नाहीत. उषस्तीने ते उष्टे कुळीथ घेतले आणि खाल्ले. हत्तीवाल्याने पाणीही पुढे केलं, तेव्हा मात्र तो म्हणाला, नको, ते उष्टं होईल. मग कुळीथ उष्टे नव्हते काय, असं विचारल्यावर उषस्तीचं उत्तर असं होतं: ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तेव्हा, हवं तिथे मिळेल. ब्रह्मसूत्रांनी कोणतंही अन्न खाण्याची मुभा प्राणावर बेतलं असतानाच मान्य केली, आणि भाष्यकार त्या ठिकाणी याच कथेचा आधार घेतात. मला या कथेतला पाण्याचा नकार कुळथाच्या स्वीकारापेक्षा मोठा वाटतो. वाट उघडी आहे, पण एका ठरावीक उंचीवर. पाणी तिथवर चढलं की ते जातं, आणि त्या रेषेखाली उतरलं की वाट आपोआप बंद होते. उषस्तीने नियम मोडला नाही आणि सैलही केला नाही. नियमाला कुठवर ताणता येतं ती रेषा त्याला ठाऊक होती. शिल्लक कुळीथ त्याने बायकोला नेऊन दिले, तिने ते ठेवून दिले, आणि दुसऱ्या सकाळी अजून पोटात काही नव्हतं म्हणून तेच खाऊन तो राजाच्या यज्ञाला कमाईसाठी गेला. उपनिषदाने हा शिळ्या घासाचा तपशीलही लपवलेला नाही.

आता मोठा आक्षेप. वाट आहे म्हटलं की माणूस नळ बंद करायला उठत नाही. हा आक्षेप बाहेरच्या टीकाकारांनी घेतला असं समजू नये; तो धर्मग्रंथांनी स्वतःवरच घेतला आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षित शुकाला सरळ विचारतो की पाप वाईट हे कळत असूनही माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो, तर त्या प्रायश्चित्ताला अर्थ काय? ते हत्तीच्या स्नानासारखंच झालं. हत्ती नदीत डुंबून बाहेर येतो आणि सोंडेने अंगावर धूळ उडवतो. शुक हे नाकारत नाही. कर्माने कर्माचं मूळ उपटलं जात नाही, हे मान्य करून तो विचाराकडे आणि पुढे भक्तीकडे वळतो. भक्तिमार्गालाही तोच धोका दिसला होता, म्हणून नामापराधांच्या यादीत नामाच्या बळावर पाप करणं हा एक अपराध म्हणून आला. ज्यूंच्या मिश्नेत म्हटलं आहे की ‘पाप करीन आणि पश्चात्ताप करीन’ असं जो आधीच ठरवतो त्याला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न विचारून त्याला ठाम नकार दिला आहे: कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? परीक्षित, मिश्ना आणि पौल यांनी एकमेकांचं काही वाचलं असण्याचं कारण नाही. तरीही सगळ्यांनी धोका ओळखला, आणि त्यावर वाट बुजवून टाका असं कोणीच सांगितलं नाही. त्यांनी वाटेला मोजमाप घातलं. वाट आहे या भरवशावर केलेली चूक त्या वाटेने जात नाही, एवढीच अट. टबाकडे पाहिलं तर ही अट अगदी शब्दशः खरी आहे. बऱ्याच टबांचा ओव्हरफ्लो पूर्ण सोडलेल्या नळाला पुरा पडतच नाही. विसरलेल्या नळापासून तो थोडा अवधी मिळवून देतो, आणि पाणी शिरताना जो गुळगुळ आवाज होतो त्याने घरातल्यांना जागं करतो. त्याच्या जोरावर नळ मुद्दाम सोडून बसणाऱ्याची लादी भिजतेच.

यापेक्षा कठीण आक्षेप व्रतवाद्यांचा आहे, आणि तो गांधींइतका धारदारपणे कमी लोकांनी मांडला असेल. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना त्यांनी व्रतांविषयी पत्रं लिहिली. त्यांचं म्हणणं असं की ‘जमेल तितकं’ पाळीन असं म्हणणारा पहिल्याच मोहाला बळी पडतो. व्रतात ही सवलत शिरली की व्रत उरत नाही. यात दम आहे. कर्ज जमेल तितकं फेडीन असं म्हणणाऱ्याला कोण उसनं देईल? पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. ‘जमेल तितकं’ ही सवलत टबाची पातळीच खाली आणते. ती म्हणजे तळाचं बूच किलकिलं ठेवणं. ओव्हरफ्लो पातळीला हात लावत नाही. नळ बंद करीन हा निश्चय पुरता शाबूत असतो, आणि तरीही तो मोडला तर खालच्या मजल्याचं काय, याचा विचार निश्चय करणाऱ्यानेच आधी केलेला असतो. मोडायचं ठरवणं वेगळं आणि मोडू शकतं हे ओळखणं वेगळं. गांधींचंच आयुष्य याला साक्ष आहे. त्यांनी दूध सोडलं होतं; 1918 च्या जिवावरच्या आजारपणानंतर कस्तुरबांनी सुचवलेली बकरीच्या दुधाची वाट त्यांनी स्वीकारली, कारण व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती. आत्मकथेत त्यांनी कबूल केलं आहे की व्रताचं अक्षर राहिलं आणि आत्मा गेला, आणि त्याचं शल्य त्यांना राहिलं. मला यात दोष दिसत नाही. पण वाट आधी राखलेली नसली की ती ऐन वेळी शब्दांतून खणावी लागते आणि कडेने झिरपत राहते, हे मात्र दिसतं. आपद्धर्म लिहून ठेवणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचं स्वतंत्र उपपर्व आहे. ते लिहिणारे सैल वृत्तीचे होते असं कोणी म्हणणार नाही.

कर्मवादी म्हणेल, फळ भोगल्याशिवाय सुटका नाही. मग वाटेने नेमकं काय वाहून जातं? धर्मशास्त्रकारांत यावर एकमत नव्हतं, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात ती मतं मांडली आहेत. मनुस्मृती सांगते की काहींच्या मते प्रायश्चित्त केवळ अजाणता घडलेल्या पापाला आहे, तर काही जण जाणूनबुजून केलेल्यालाही ते मानतात. याज्ञवल्क्याने काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याच्या मते प्रायश्चित्ताने नकळत घडलेलं पाप जातं. जाणून केलेलं मात्र त्याने जात नाही, केवळ तो माणूस पुन्हा व्यवहाराला योग्य होतो. म्हणजे त्याच्याशी बोलता येतं, त्याच्या पंगतीला बसता येतं. सांडलेलं पाणी नळात परत जात नाही, ते सर्वांत कमी नुकसान होईल तिकडे वळतं, आणि घर राहण्याजोगं राहतं. कर्माचा हिशेब याने खोटा ठरत नाही. त्या हिशेबाचा भार अख्ख्या गावावर पडू नये एवढंच साधतं.

ही वाट केवढी असावी, या प्रश्नाला मात्र सोपं उत्तर नाही. मातीच्या प्रत्येक धरणाला सांडवा लागतो, कारण दगडी बांधावरून पाणी गेलं तर तो बहुधा तग धरतो, मातीचा धरत नाही. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की बांध कापला जातो. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू-2 धरण असंच फुटलं. सांडवा ज्या पुरासाठी बांधला होता त्याहून कितीतरी मोठा पूर आला, पाणी मातीच्या बांधावरून गेलं आणि खालच्या शहरात हजारो माणसं मेली. तिथे सांडवा होता. तो बांधणाऱ्यांनी अतिरेक गृहीतही धरला होता, पण आजवर पाहिलेल्या अतिरेकाएवढाच. आपल्या चुकीचं माप आपण मागच्या चुकांवरून काढतो, आणि त्यामुळे ते नेहमी थोडं कमी भरतं. जैन आचारात उल्लंघनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: मर्यादा ओलांडायचा विचार तो अतिक्रम, त्या दिशेने पाऊल तो व्यतिक्रम, अंशतः भंग तो अतिचार आणि पुरता भंग तो अनाचार. मोठ्या चुकीचं माप असं हुकतं, म्हणून लहान पायरीवर लक्ष ठेवण्यात व्यवहार आहे. ओव्हरफ्लोचं वॉशर फाटलेलं असलं तर महापुराची गरज नसते. भरलेल्या टबात माणूस बसला की पातळी बोटभर चढते आणि तेवढंच पाणी रोज छतात उतरतं. वरच्याला त्याचा पत्ता नसतो. उलट टोकाला, ओव्हरफ्लोवर बसवायची रबरी झाकणंही बाजारात मिळतात, टबात आणखी चार बोटं पाणी मावावं म्हणून. कर्मठ आणि सुखलोलुप यांचं एरवी पटत नाही, पण ही वाट बुजवण्यावर दोघांचं एकमत होतं, आणि मला ते योगायोगाचं वाटत नाही. आपण काठाच्या आत राहू असा दोघांनाही सारखाच विश्वास असतो.

अखेरचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. जी वाट वर्षानुवर्षं वापरात नाही ती फुटली आहे हे कळायचं कसं? रोजच्या अंघोळीने ते कळत नाही, कारण रोजचं पाणी तळाने जातं. सदाचारी माणसाला आपलं प्रायश्चित्त धड आहे की नाही हे त्याच्या सदाचारावरून समजत नाही. क्षमा मागता येते का, हे मागायची वेळ न आलेल्याला ठाऊक नसतं. यावर एकच उपाय आहे, मुद्दाम टब भरून पाणी वरच्या भोकापर्यंत चढवणं. आणि तेव्हा दुसरा कोणीतरी खाली उभा असावा लागतो, कारण वर बसलेल्याला स्वतःची गळती दिसत नाही. धर्मपरंपरांनी अशा चाचण्या पंचांगात घालून ठेवल्या. जैनांचं प्रतिक्रमण पाप घडलं म्हणून करायचं नसतं. ते रोज, पंधरवड्याला, चार महिन्यांनी आणि वर्षाला ठरलेलं असतं, आणि संवत्सरीला ज्यांचा आपण काही अपराध केल्याचं आठवत नाही त्यांचीही क्षमा मागितली जाते. परक्याला ही औपचारिकता वाटते. वॉशर तपासणंही औपचारिकच असतं, ते फाटलेलं निघेपर्यंत. बौद्ध भिक्षूंची प्रवारणा याहून एक पाऊल पुढे जाते. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहिल्यावर, वर्षावासाच्या शेवटी, प्रत्येक भिक्षू संघाला विनंती करतो की माझ्यात दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याची नुसती शंका आली असेल, तर सांगा. शंकाही चालते, ही अट बारकाईने घातलेली आहे; खालच्या मजल्यावरच्या माणसाला आधी डागच दिसतो, पाइप दिसत नाही. कार्ले, भाजे, कान्हेरी अशा आपल्या सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या लेण्यांत असे वर्षावास झाले. प्रवारणेत मान ज्येष्ठतेचा असतो, म्हणजे सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्षूपासून होते. संयुत्त निकायात एक प्रवारणा वर्णिलेली आहे, तिची सुरुवात बुद्धाने स्वतःपासून केली. माझ्या कृतीत वा वाणीत तुम्हांला काही गैर दिसतं का, असं त्याने संघाला विचारलं. सारिपुत्ताने उठून सांगितलं की नाही, आणि लगेच त्याने स्वतःविषयी तोच प्रश्न बुद्धाला विचारला.